सोलापूर आणि परिसर बघायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत जवळ आली, आषाढी लागली किंवा दिवाळीच्या सुट्ट्या पडल्या की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. ते जवळपास विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे एकत्र केलेत. अंतरं सोलापूर शहरापासूनची, रस्त्याने आणि ढोबळ आहेत. दर्शनाच्या आणि तिकिटाच्या वेळा बदलत असतात, म्हणून निघण्याआधी त्या एकदा तपासून घ्या.

१. सोलापूर नेमकं कोणत्या नदीवर वसलंय? नकाशात तर शहरात नदीच दिसत नाही.

दिसणार नाहीच. सीना शहराला बगल देऊन जाते. पुण्याकडून येताना ती लांबोटीला आडवी येते, मंगळवेढ्याकडून येताना तिऱ्ह्याला. भीमा आणखी पुढे आहे. विजापूर रस्त्याने टाकळीचा पूल ओलांडला की कर्नाटक लागतं, तो पूल भीमेवरचा. मधल्या कोरड्या माळावर वसलेल्या या शहराने नदीऐवजी तलावांवर दिवस काढले: सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव आणि तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा. म्हणून इथे काय बघायचं हे ठरवताना पाण्याचा माग काढत गेलात तर बरं. देवळं, किल्ले, छावण्या, पक्षी, सगळं पाण्याच्या काठी सापडतं.

२. किती दिवस काढून यावं?

दोन मुक्काम. एक दिवस शहरासाठी, एक पंढरपूर-मंगळवेढा-माचणूर या पट्ट्यासाठी आणि निघायच्या दिवशी सकाळी कुडल किंवा नान्नज (प्रश्न ११ आणि १६ पाहा). बहुतेक लोक अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर उरकतात आणि सोलापुरात फक्त झोपायला येतात. देवदर्शन जरूर करा, पण शहराला निदान एक पूर्ण दिवस द्या.

३. सिद्धेश्वर मंदिर तलावाच्या मधोमध कसं काय? आधी तलाव की आधी देऊळ?

दोन्हींचं श्रेय परंपरेने एकाच माणसाला जातं. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वरांचे समकालीन. त्यांची कन्नड वचनं आजही म्हटली जातात. दुष्काळी मुलखात लोकांना हाताशी धरून त्यांनी तलाव खोदवला आणि गावाभोवती ६८ लिंगांची स्थापना केली, असं मानतात. देवळाच्या आवारातच त्यांची समाधी आहे. आजचं बांधकाम वेगवेगळ्या काळांतलं आहे, त्यामुळे बाराव्या शतकातलं कोरीवकाम बघायच्या आशेने गेलात तर निराश व्हाल. ते बघायचं असेल तर प्रश्न ११ वाचा. इथे यायचं ते संध्याकाळी. दिवे लागले की पाण्यात देवळाची पडछाया उतरते, पलीकडच्या काठावर किल्ल्याचे बुरूज काळे पडत जातात आणि कट्ट्यावर चुरमुऱ्यांचे पुडे उघडतात.

४. गड्डा यात्रा दरवर्षी १४ जानेवारीलाच असते ना? तिकिटं काढायची आहेत.

थांबा, तिकीट काढण्याआधी पंचांग बघा. सगळा गोंधळ इथेच होतो. सिद्धेश्वराच्या या यात्रेतला मुख्य अक्षता सोहळा संक्रांतीला नाही, भोगीला असतो. त्याच्या आदल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, भोगीला सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं प्रतीकात्मक लग्न, संक्रांतीला होम मैदानावर होम आणि दुसऱ्या दिवशी शोभेचं दारूकाम. संक्रांत १५ तारखेला आली की सगळंच एक दिवस पुढे सरकतं. पाळणे, खेळणी आणि खाऊची दुकानं, म्हणजे ज्याला आम्ही 'गड्डा' म्हणतो ती जत्रा, होम मैदानावर त्यानंतरही बरेच दिवस चालू असते. मुलांना फक्त पाळण्यात बसवायचं असेल तर मुख्य दिवसांची गर्दी टाळून त्यानंतर या.

५. नंदीध्वज म्हणजे काय, आणि ते कुठून नीट दिसतात? आम्ही लिंगायत नाही, चालेल ना?

न चालायला काय झालं? यात्रेत सगळ्या समाजांचे मान ठरलेले आहेत आणि बघणाऱ्याला कोणी जात विचारत नाही.

नंदीध्वज म्हणजे सजवलेली उंचच उंच काठी. अशा सात काठ्या उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून मिरवणुकीने निघतात. काठी पेलणारा एकच माणूस असतो. कमरेच्या पट्ट्यावर तिचं बूड टेकवून तो पावलं टाकतो आणि आजूबाजूचे दोऱ्या ताणून तोल राखतात. वारा सुटला की त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या दिसतात. सगळे पांढऱ्या बाराबंदीत असतात. संमती कट्ट्यावर मंगलाष्टकं म्हणजे संमती म्हटली जाते, तेव्हा चारी बाजूंनी अक्षता पडतात आणि 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र'चा गजर होतो. कट्ट्याजवळ जागा हवी असेल तर सकाळी लवकर जाऊन बसावं लागतं. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर तिथली रेटारेटी झेपणार नाही. मिरवणुकीच्या वाटेवर एखादा कट्टा गाठा.

बाहेरच्यांना सहसा माहीत नसलेली गोष्ट म्हणजे होमाच्या रात्रीची भाकणूक. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य, गूळ वगैरे मांडतात आणि त्याच्या वागण्यावरून वर्षाचं भाकीत सांगतात. त्याने मूत्र टाकलं तर पाऊस चांगला, ज्याला तोंड लावलं ते महागणार, बिचकलं तर काहीतरी विपरीत. कोण किती विश्वास ठेवतो हा भाग वेगळा, पण दुसऱ्या दिवशी बाजारात चर्चा तिचीच.

६. भुईकोट किल्ल्यात पडझडीशिवाय काही आहे का?

आहे, पण थोडं माहीत करून घेऊन गेलं तर दिसतं. किल्ला बहमनी काळातला. एका बाजूला सिद्धेश्वर तलाव, उरलेल्या बाजूंना खंदक आणि आत दुहेरी तटबंदी. आदिलशाही आणि निजामशाही या दोघांना तो हवा होता आणि दोन्हींच्या सोयरिकीत त्याचं नाव आंदण म्हणून आलं. १५२३ साली आदिलशाही राजकन्या निजामशहाला दिली तेव्हा सोलापूर देण्याचं ठरलं, पण ते दिलंच नाही. त्यावरून पुढची चाळीस वर्षं लढाया झाल्या. शेवटी चांदबिबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं तेव्हा ते आंदणात विजापूरकडे गेलं. १६८६ साली औरंगजेब विजापूरवर चालून आला तोही सोलापूरवरूनच. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने पेशव्यांच्या फौजेचा पाडाव करून किल्ला घेतला.

आत खांबांची मशीद आहे आणि जुन्या देवळाचे अवशेष आहेत. देवळाचे दगड पुढच्या बांधकामांत कुठे कुठे बसवलेत हे शोधत फिरण्यात तास मजेत जातो. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे असल्यामुळे संध्याकाळी बंद होतो, म्हणून आधी किल्ला, मग देऊळ.

७. चार हुतात्मा चौक, हुतात्मा बाग, हुतात्मा एक्स्प्रेस… हे हुतात्मे कोण?

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी झाली.

त्याआधीची हकिकत अशी. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. ८ मेला गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे पहिले बळी पडले. त्यानंतर पोलीस आणि अधिकारी शहर सोडून गेले आणि तीनेक दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नाही. वाहतुकीपासून बंदोबस्तापर्यंत सगळं लोकांनीच चालवलं. मग १२ मेपासून ३० जूनपर्यंत मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घालणं हासुद्धा तेव्हा गुन्हा ठरला होता.

चौकातले पुतळे वाहनांच्या गर्दीत असतात. सकाळी लवकर गेलात तर निवांत उभं राहता येतं. शहरातून एकच ठिकाण बघून परत जाणार असाल, तर माझं मत या चौकाला.

८. इंद्रभुवन आतून बघता येतं का?

ते महापालिकेचं कार्यालय आहे, म्हणजे कामाच्या दिवशी माणसांची ये-जा चालूच असते. पण ते संग्रहालय नाही, आत फोटो काढायचे तर विचारून काढा. आप्पासाहेब वारद या धनिकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा वाडा. बाहेरूनच नक्षी, कमानी आणि शिल्पं बघत एक चक्कर मारा, तेवढं पुरतं.

९. डॉ. कोटणीसांचं घर खरंच सोलापुरात आहे?

भय्या चौकात आहे. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, इथलाच. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले, जपानविरुद्धच्या युद्धात जखमींवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. वय अवघं बत्तीस. त्यांच्या घराचं आता स्मारक झालंय. चिनी पाहुणे आवर्जून येतात, आपलेच लोक कमी येतात.

१०. गिरण्या अजून चालू आहेत का? आणि खरी सोलापुरी चादर कुठे मिळेल?

मोठ्या गिरण्यांचे भोंगे कधीच थांबले. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं आता पत्ते सांगायला उरलीत. विणकाम मात्र थांबलेलं नाही. पूर्व भागात तेलुगू भाषक पद्मशाली समाजाची घरं आहेत आणि तिथल्या गल्ल्यांतून मागांची खडखड अजून ऐकू येते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा हा सगळा भाग रस्त्यावर असतो.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरीही पानिपतचा माल तिच्या नावाने सर्रास विकला जातो. खरी चादर सुती, अंगाने जड आणि नक्षी दोन्ही बाजूंना उठलेली असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. हात फिरवल्यावर गुळगुळीत आणि चमकदार लागली तर पुढच्या दुकानात जा. हमरस्त्यावरच्या पाट्यांपेक्षा कारखानदारांची स्वतःची दुकानं बरी.

११. मराठीतला सगळ्यात जुना शिलालेख कुडलला आहे म्हणतात. मग शाळेत श्रवणबेळगोळ का शिकलो?

हत्तरसंग कुडल, दक्षिण सोलापूर तालुक्यात, साधारण ४० किमी. सीना इथे भीमेला मिळते. संगमेश्वर मंदिरातल्या तुळईवर शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे आणि त्यात एक मराठी ओळ आहे: वाचणारा विजयी होईल, अशा आशीर्वादाची. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी ती उजेडात आणली. श्रवणबेळगोळची मराठी ओळ शाळेच्या पुस्तकात आली तेव्हा कुडलचा लेख चर्चेत नव्हता. रायगड जिल्ह्यातल्या अक्षीच्या लेखाचा शके ९३४ हा काळ धरला तर तो आणखी जुना ठरतो. पहिला कोण हा वाद अभ्यासकांवर सोडा. हजार वर्षांपूर्वीची ओळ नदीकाठच्या देवळात जागच्या जागी वाचायला मिळते, त्यासाठी वाट वाकडी करायला हरकत नाही.

शेजारच्या हरिहरेश्वर मंदिराच्या उत्खननात बहुमुखी शिवलिंग सापडलं. त्यावर साडेतीनशेच्या वर लहान लहान मुखं कोरली आहेत. एका ओळीतले चेहरे सावकाश बघत जा, प्रत्येकाची ठेवण निराळी आहे. जाताना पाणी आणि खाणं बरोबर घ्या, तिथे फारसं काही मिळत नाही. पावसाळ्यात भीमा फुगली असेल तर चौकशी केल्याशिवाय निघू नका (प्रश्न १४ पाहा).

१२. औरंगजेब सोलापूर जिल्ह्यात चार वर्षं राहिला होता हे खरं का?

खरं. भीमेकाठच्या ब्रह्मपुरीला १६९५ पासून १६९९ पर्यंत बादशाही छावणी होती. साम्राज्याचा कारभार तिथून हाकला जायचा आणि गावाचं नाव त्याने इस्लामपुरी केलं होतं. शेजारच्या माचणूरला तटबंदी उभी आहे आणि तिच्या पायथ्याशी सिद्धेश्वराचं देऊळ. मंगळवेढा रस्त्यावर, साधारण ४० किमी. देवळापासून घाटाच्या पायऱ्या थेट नदीत उतरतात. श्रावण सोमवार आणि महाशिवरात्र सोडली तर निवांत असतं. जिल्ह्यातला सगळ्यात सुंदर नदीकाठ माझ्या मते हाच, पंढरपूरसुद्धा नंतर. पुढे मंगळवेढ्याला दुष्काळात सरकारी कोठारं उघडणाऱ्या दामाजीपंतांचं देऊळ आहे. तिथली मालदांडी ज्वारीही प्रसिद्ध आहे, पाच-दहा किलो गाडीत टाका.

१३. पंढरपूर एका दिवसात होतं का? किती वेळ लागेल दर्शनाला?

साधारण ७५ किमी, जाऊन-येऊन आरामात होतं. वेळेचं उत्तर मात्र तिथीवर अवलंबून. साध्या दिवशी काही तासांत पदस्पर्श दर्शन होतं. आषाढी-कार्तिकीला रांग दिवसांत मोजावी लागते. मुखदर्शनाची रांग वेगळी आणि भरभर सरकणारी असते. एकादशी, शनिवार-रविवार आणि सलग सुट्ट्या टाळा.

दर्शन झालं की लगेच गाडीत बसू नका. नामदेव पायरी आणि तिच्यासमोरची चोखोबांची समाधी बघा. मे १९४७ मध्ये याच देवळात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले होते, ते मनात ठेवून बघा. मग वाळवंटात पुंडलिकाचं मंदिर, काठावरचे होळकरांचे आणि शिंद्यांचे वाडे. मार्गशीर्षात गेलात तर विष्णुपद चुकवू नका. त्या महिन्यात देव तिथे मुक्कामी असतो अशी श्रद्धा आहे आणि पंढरपूरकर डबे घेऊन तिकडे जेवायला जातात.

१४. चंद्रभागेत स्नान करता येईल का? पाणी असतं का?

चंद्रभागा म्हणजे भीमाच. पंढरपूरला ती चंद्रकोरीसारखी वळते. तिचं पाणी पावसापेक्षा उजनी धरणातून किती सोडलं यावर ठरतं. उन्हाळ्यात पात्रात डबकी असतात, वारीआधी पाणी सोडलं की नदी भरते. पावसाळ्यात उजनीच्या जोडीला वीर धरणाचं पाणी नीरेतून येतं आणि पुंडलिकाचं मंदिर बुडतं. अशा वेळी नदीत उतरायचंच नाही. पाणी शांत दिसलं तरी वाळू उपशाचे खड्डे खाली असतात, तेव्हा घाट सोडून लांब जाऊ नका.

सीनेचाही भरवसा धरू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये तिला आलेल्या पुराने लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्गच बंद पडला होता.

१५. उजनीला फ्लेमिंगो बघायला कधी जावं? बोट मिळते का?

हिवाळा संपता संपता, पाणी ओसरून उथळ कडा उघड्या पडतात तेव्हा. पक्षी बघण्याची मुख्य सोय पुणे जिल्ह्यातल्या भिगवणकडे आहे, प्रत्यक्ष धरणाच्या भिंतीजवळ नाही. धरण ११७ टीएमसीचं, पण त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणजे शून्य टक्क्यांच्या पातळीखालचा. उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य आमच्याकडे घरोघरी ऐकू येतं ते त्यामुळेच. पाणी फार उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं.

बोटीबद्दल सक्त सांगणं आहे. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. लाइफ जॅकेट नसेल किंवा वारा सुटला असेल तर पाय टाकू नका, नावाडी काहीही म्हणो.

१६. नान्नजला माळढोक दिसेल का?

जवळजवळ नाहीच. अभयारण्य १९७९ चं, बार्शी रस्त्यावर वीसेक किमी. माळढोकाला मोकळा माळ लागतो. धरणाचं पाणी आलं, ऊस आला, विहिरी आणि विजेच्या तारा आल्या. माळ तुकड्यातुकड्यांत उरला आणि पक्षी संपत गेला. पण काळवीट हमखास दिसतात, नशीब असेल तर लांडगाही. पहाटे जा, वनखात्याच्या परवानगीने जा आणि गाडी गवतात घालू नका.

१७. अक्कलकोट, तुळजापूर आणि गाणगापूर एका दिवसात?

होतं, पण करू नका. तिन्ही वेगवेगळ्या दिशांना नसली तरी रांगा तिन्ही ठिकाणी आहेत. अक्कलकोट (४० किमी) आणि गाणगापूर एका दिवशी, तुळजापूर (४५ किमी) आणि नळदुर्ग दुसऱ्या दिवशी, असं बसवा. अक्कलकोटला वटवृक्ष मंदिर आणि समाधी मठ दोन्ही बघा. बरेच जण वटवृक्षावरूनच परततात. स्वामी समर्थांनी १८७८ मध्ये देह ठेवला, समाधी मठात आहे. राजवाड्यातलं शस्त्रागार उघडं असेल तर सोडू नका.

१८. नळदुर्गचे नर-मादी धबधबे डिसेंबरमध्ये चालू असतात का?

सहसा नसतात. नळदुर्ग धाराशिव जिल्ह्यात, हैदराबाद रस्त्यावर ५० किमी. बोरी नदीवर बांध घालून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, त्या बांधाच्या पोटातच पाणी महाल केला. वरून नदी कोसळते आणि तुम्ही आत कोरडे. पण त्यासाठी वरचा तलाव भरून वाहायला हवा. बहुतेक वर्षी ते ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळातच जमतं, कमी पावसाच्या वर्षी अजिबात नाही.

१९. ऑक्टोबरमध्ये तुळजापूरला गाडीने निघालो आणि पोलिसांनी परत फिरवलं. असं का?

कोजागरीच्या सुमाराला आला असणार. त्या वेळी सोलापूर आणि कर्नाटकातून लाखो माणसं तुळजापूरला चालत जातात आणि रस्ता वाहनांना बंद करून वाहतूक दुसरीकडून वळवतात. पौर्णिमेच्या आगेमागे गाडीचा बेत आखू नका. चालायची तयारी असेल तर मात्र संध्याकाळी निघा. रात्रभर वाटेत चहा, केळी, खिचडी देणारे उभे असतात.

२०. उन्हाळ्यात मुलांना सुट्टी असते, मे महिन्यात आलो तर?

पारा ४२-४३ वर जातो. सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर फिरा, दुपारी खोलीत. किल्ला, कुडल आणि नान्नज मेमध्ये नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम.

२१. खायला काय आणि सोबत काय न्यावं?

कडक भाकरी, शेंगांची चटणी, धपाटे आणि शेंगापोळी. हे चारही टिकतात, त्यामुळे न्यायलाही हेच. चटणी कुटलेली घ्या, तिला तेल सुटलेलं असतं. मिक्सरमधली भुकटी कोरडी दिसते. मटण खाणाऱ्यांनी डालचा-खाना विचारावा. संध्याकाळी पार्क चौकात गाड्यांवर उभं राहून जे समोर येईल ते.

२२. परतीची गाडी रात्रीची आहे, पूर्ण दिवस हातात आहे. कसा घालवू?

सकाळी चार हुतात्मा चौक आणि इंद्रभुवन, मग कोटणीस स्मारक, दुपारी चादरींची खरेदी, चारच्या सुमाराला किल्ला, तिथून चालत सिद्धेश्वर. जेवण करून सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायला स्टेशन रिक्षाने जवळ आहे. भाडं आधी ठरवा.